गोवर झालेला बरा?



‘गोवर अंगावर निघून गेला की जन्मभराची काळजी मिटते’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. अर्धा मुद्दा खरा आहे. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला आढळले, की १७८१च्या साथीत गोवर झालेल्या एकाही वृद्धाला तो पुन्हा झाला नाही. ६५ वर्षे टिकलेली प्रतिकारशक्ती! पण १८४६च्या त्या साथीत जेमतेम ८,००० वस्तीपैकी सुमारे ६,००० लोक आजारी पडले, कित्येक दगावले. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने जमवलेली स्मृतीही गोवर बरीचशी पुसून टाकतो. लशीने ती पुसली जात नाही. पालकांनो, ९ महिने पूर्ण होताच पहिला आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरा डोस चुकवू नका.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा