भाषेला रोजचं काम हवं

भाषा जगवण्याचा विषय निघाला की मला अमेरिकेतली 'युनिव्हिजन' ही खासगी स्पॅनिश वाहिनी आठवते. तिचं मूळ टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं. राऊल कोर्तेझ यांनी १९५५ साली तिथं केसीओआर-टीव्ही सुरू केलं. त्या काळच्या पुष्कळ टीव्ही संचांवर ते वेगळं उपकरण जोडल्याशिवाय दिसत नसे. १९६२ मध्ये त्यातून स्पॅनिश केंद्रांचं जाळं उभं राहिलं आणि १९८७ मध्ये त्याला 'युनिव्हिजन' हे नाव मिळालं.

मेक्सिकोतल्या मालिका आणि शनिवारचा 'साबादो जिगांते' यांनी घरं बांधून ठेवली. मालिकांत नायिका गोरी आणि मोलकरीण सावळी, ही टीका रास्तच आहे. पण बातम्यांनी प्रेक्षकाला नागरिक मानलं. २००७ मध्ये वाहिनीनं नागरिकत्वाचे अर्ज भरण्याची मोहीम चालवली. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या इच्छुकांना स्पॅनिशमधल्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. दुभाषे मध्ये होते.

आपण मात्र उर्दूला मुशायऱ्यात बसवतो आणि मराठीला गौरव दिनाचा हार घालतो. वर एक मुसलमानांची, दुसरी हिंदूंची, अशी वाटणीही करतो. मी दोन्ही शिकवतो. वर्गात ही वाटणी टिकत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज मुलांना उर्दूत समजावतो, मराठीत भरून घेतो. हारतुऱ्यांपेक्षा असल्या कामांनी भाषा जगते. वाहिनी नसली तरी एवढं आपल्या हातात आहे.