बेंजोचे पेडल आणि मागच्या रांगेतली आई



मागच्या भीमजयंतीला गेवराई तालुक्यातल्या उमापूरला गाण्याचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. पार्टी गावच्याच पोरांची. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि विजेवरचा बेंजो. गायकाचा गळा चांगला, पाठांतरही चोख. पण तिसऱ्या गाण्याला पुढे बसलेल्या एका आजीने शेजारणीला विचारले, "काय म्हनतंय गं त्ये?" शेजारीण म्हणाली, "मला बी कळंना. नुसता गलका चाललाय." दोघी पदर सावरून उठल्या आणि घरी गेल्या. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी शब्दांवर उभी आहेत. शब्दच कळले नाहीत तर मग उरले काय?

कार्यक्रम संपल्यावर बेंजोवाल्या पोराला गाठले. त्याच्या पायाशी गिटारचे मल्टी-इफेक्ट पेडल होते. हा पोरगा दरसाल आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून आईने पैसे बाजूला काढून दिले आणि पुण्याहून हे पेडल जुने विकत आणले. पोरगा म्हणाला, "मामा, ह्याच्यात दीडशे आवाज हायेत, पर एक बी धड लागत न्हाई. आता मोठं मशीन घ्यावं म्हनतो."

मोठे मशीन म्हणजे पुन्हा उचल, आणि उचल म्हणजे पुढच्या हंगामाचा घाम आधीच विकणे. मी म्हटले, "थांब बाबा, मला दोन दिवस दे."

गिटारचे यंत्र बेंजोला कसे चालते, असे काही वाचक विचारतील. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी ताईशोगोतो, ते नागोया शहरात १९१२ साली तयार झाले. बटण दाबले की तार दाबली जाते, दुसऱ्या हाताने ती छेडायची. त्याला गिटारचा पिकअप बसवला की गिटारचीच पिन लागते आणि पेडलला दोन्ही सारखेच. पूर्वी प्रत्येक करामतीला वेगळी डबी लागे. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्या सगळ्या डब्या एकाच यंत्रात बसवून मिळू लागल्या.

पहिल्याने अॅडॉप्टर पाहिला, कारण तिथे माझे हात पोळलेले आहेत. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी मी बाजारातला स्वस्त अॅडॉप्टर लावला आणि यंत्र कायमचे गप्प झाले. गिटारच्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. बाजारातल्या कित्येक अॅडॉप्टरांत तो धन असतो. पिन बसते, पण वीज उलटी जाते. यंत्राच्या भोकाशेजारी दोन वर्तुळांची छोटी खूण छापलेली असते, ती अॅडॉप्टरवरच्या खुणेशी जुळवून पाहा. मिलीअँपिअरचा आकडा यंत्राला हवा तितका किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. व्होल्ट मात्र नेमके तेवढेच हवेत.

मग आतली रांग. ह्या यंत्रात इफेक्ट एकापाठोपाठ एक असतात आणि पुष्कळ यंत्रांत त्यांची जागा बदलता येते. पोराने आधी एको आणि त्याच्यामागे डिस्टॉर्शन लावले होते. त्यामुळे एकोचा प्रत्येक पडसादही फाटून निघत होता. रस्सा उकळल्यावर त्यात कांदा परतायला घेण्यातला हा प्रकार! आधी कॉम्प्रेसर, मग डिस्टॉर्शन, मग बास-ट्रेबलची दुरुस्ती, मग कोरस, त्यानंतर एको आणि शेवटी रिव्हर्ब, अशी रांग लावली. बेंजोला डिस्टॉर्शन अर्ध्याच्या खालीच ठेवावे. बाजूच्या सुराच्या तारा सतत वाजत असतात, त्या सगळ्या मिळून चिखल होतो. डिस्टॉर्शनच्या गाण्याला त्या तारांवर कापडाची पट्टी ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. तार थेट मिक्सरला जात असेल तर यंत्रातला 'कॅबिनेट' चालू ठेवावा, नाहीतर आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. गिटारच्या अॅम्प्लिफायरला लावायचे असेल तर तो बंद ठेवावा.

आता दीडशे आवाजांचे काय? पोरगा वापरत होता चारच, पण एक सातव्या नंबरावर, एक बेचाळीसवर, बाकीचे शंभरीच्या आसपास. गाणे चालू असताना पाय दाबत दाबत तो तिथे जायचा आणि मधला प्रत्येक आवाज एकेक ठेच देऊन जायचा. मी त्याला पार्टीची गाणी वहीत उतरवायला लावली. बघता बघता कळले की पाच आवाजांत सगळे भागते. गायक गात असताना मागे वाजायचा एक, मधल्या पीसचा एक, संथ गाण्याचा एक, मिरवणुकीच्या चालीचा डिस्टॉर्शनवाला एक आणि काहीच न लावलेला साधा एक. हे पाचही १ ते ५ नंबरावर ओळीने साठवले. बाकीचे एकशे पंचेचाळीस यंत्रात झोपू देत, ते काही खायला मागत नाहीत.

सगळ्यात वेळ गेला तो आवाजाची पातळी सारखी करण्यात. प्रत्येक नंबराची पातळी वेगळी साठवता येते, हे पोराला ठाऊकच नव्हते. त्याने सगळे घरी हेडफोनवर, रात्री, हळू आवाजात जुळवले होते. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि एकदम बारीक सूर कमी ऐकू येतात, म्हणून माणूस दोन्ही वाढवून ठेवतो. तेच मोठ्या स्पीकरवर गेले की छाती दणाणते आणि कान फाटतो. म्हणून जुळवणी स्पीकरवरच, कार्यक्रमात असतो तितक्या आवाजात करावी. तीही दिवसाउजेडी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत मुभा असते. तेव्हा मंचावर बटणे पिळत बसायला वेळ कुणाला आहे?

दुसऱ्या दिवशी पार्टीचे स्पीकर विहारात लावले. गायकाला उभे केले आणि पोराच्या आईला सगळ्यात मागे बसवले. तिला म्हटले, "ताई, तुम्ही फक्त ऐकलेला शब्द मोठ्याने म्हणायचा." पहिल्या कडव्याला ती अडखळली. साउंडवाला गायकाच्या माइकला एको देतच होता आणि त्यावर बेंजोचाही एको, म्हणजे शब्दावर शब्द पडत होता. गायनाच्या मागे वाजणाऱ्या नंबरातला एको काढूनच टाकला. बोलण्यातली व्यंजने साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात, तिथे बेंजोचा आवाज थोडा कापला आणि १०० हर्ट्झच्या खाली ढोलकीला जागा सोडली. मधल्या पीसला मात्र एको ठेवला, तोही चालीच्या मापात. मिनिटाला १०० ठोके असतील तर साठ हजाराला शंभराने भागायचे, ६०० मिलीसेकंद येतात. त्याच्या अर्ध्यावर, ३०० वर, पडसाद ठोक्यात बसला आणि ढोलकीवाला आपणहून हसला.

दुसऱ्यांदा गाणे घेतले तेव्हा बाई ओळीमागून ओळ म्हणत गेली. एका जागी थांबून म्हणाली, "त्या चार नंबरात अजून खरखर हाय." खरेच होती. नॉइज गेट थोडा वाढवला. फार वाढवला असता तर सुराचे शेपूट तुटले असते.

सगळे आकडे पोराने वहीत लिहून घेतले. यंत्राची आठवण पुसली गेली की वहीच कामाला येते. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघेल तेव्हा पेडल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि वही आईच्या पेटीत राहणार, असे ठरले. जाताना तिला विचारले, "मग मोठ्या मशीनचं काय म्हणतोय?"

"औंदा तरी न्हाई म्हनतोय," ती म्हणाली आणि स्पीकरची वायर गुंडाळू लागली.