पाणी मानवणे

आमच्या घरी हल्ली फुटबॉलचे वारे आहे. चिरंजीव मध्यरात्रीपर्यंत सामने पाहतात आणि सकाळी कोणता खेळाडू कोणत्या देशी गेला याची वार्ता ऐकवतात. परवा मी विचारले, "अरे, ही माणसे आपला मुलूख सोडून जातात तरी कशाला?"

"पैशासाठी, बाबा!" एवढे बोलून ते पोह्यांकडे वळले.

उत्तर खोटे नाही. पण अर्धे आहे. इंग्लंडात एके काळी फुटबॉलपटूंच्या पगाराला मर्यादा असे. जानेवारी १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा आठवड्याला अवघे २० पौंड होती. मैदान माणसांनी फुलून जावो, नायकाचा पगार आपला ठरलेला! तेव्हा १९५७ साली इटलीच्या युव्हेंटसने ६५,००० पौंड मोजून लीड्सच्या जॉन चार्ल्सला मागणी घातली, आणि तो तुरीनला गेला, यात नवल ते काय? रक्कम लीड्सच्या तिजोरीत पडली. पण त्याचेही नशीब पालटले.

चार्ल्स मूळचा वेल्समधल्या स्वान्सीचा. पहिल्याच हंगामात त्याने २८ गोल केले आणि युव्हेंटस विजेते ठरले. पण तुरीनकरांनी त्याला आपला मानला तो केवळ गोलांमुळे नव्हे. तो इटालियन बोलू लागला, गाण्याची तबकडीसुद्धा काढली. देह आडदांड, पण खेळ सभ्य. लोक त्याला 'इल जिगांते बुओनो', म्हणजे सज्जन राक्षस, म्हणत.

१९६१ मध्ये जिमी ग्रीव्हज मिलानला गेला. त्याच्या जाण्याआधीच इकडची पगाराची मर्यादा उठली होती. त्याला करार मोडावासा वाटत होता, मिलान ऐकेना. घर सोडण्याचे कारण उरले नाही आणि पाय मात्र उंबऱ्याबाहेर! त्यात प्रशिक्षक रोक्को महाकडक. सामन्याआधी खेळाडूंना घरच्यांपासून दूर शिबिरात ठेवायचे, ही तिथली रीत. डिसेंबरातच ग्रीव्हज लंडनला टॉटनहॅमकडे परतला. किंमत ९९,९९९ पौंड. लाखाचे ओझे डोक्यावर नको म्हणून एक पौंड कमी!

लोक म्हणाले, पोरगा टिकला नाही. पण तेवढ्या अवधीत त्याने मिलानसाठी ९ गोल केले होते, हे कोण लक्षात घेतो? मला ग्रीव्हजचा कैवार येतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीस मी हैदराबादेस एका महाविद्यालयात मराठी शिकवायला गेलो होतो. वर्ग छान रंगत. पण वर्ग सुटला की माझे मराठी संपे. संध्याकाळी खोलीवर भांडायलाही कोणी नसे. दहा महिन्यांत परतलो. "पाणी मानवले नाही वाटते?" असे एक सहकारी कितीतरी वर्षे विचारीत.

आणि पाणी मानवले, तरी गोष्ट तिथे संपत नाही. १९६२ मध्ये चार्ल्स लीड्सला परतला. जेमतेम ११ सामने खेळला आणि पुन्हा इटलीत, रोमाकडे गेला. पाच वर्षांत घरचेच पाणी परके झाले होते! जानेवारी २००४ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तो इटलीत आजारी पडला. त्याला मायदेशी नेण्याची व्यवस्था युव्हेंटसनेच केली. संघ सोडून चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. महिन्याभरात तो गेला.

हे सारे मी चिरंजीवांना सांगितले. पोहे संपले होते. "पण बाबा, हैदराबादेहून तुम्ही खरे कशासाठी परत आलात?"

"मला विचार," स्वयंपाकघरातून आवाज आला. "दर रविवारी फोन करून आईंना विचारायचे, वरणाला फोडणी आधी की हिंग आधी!"