डब्यावरची अक्षरे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून आपल्याकडे भाषणांना ऊत आला आहे. आनंद मलाही झाला. पण माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, आणि ते मला तेलाच्या डब्यावरून सुचले आहे. साहित्याच्या पानावर हे वंगण कोठून आले, म्हणून प्राध्यापकांनी नाक मुरडू नये!

अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रक चालवतात. उसाचा हंगाम संपला, की गाडीचे गिअर ऑइल आणि स्टिअरिंगचे तेल व फिल्टर ते घरीच बदलतात. त्यांची शाळा चौथीत सुटली. तरी त्या कामाची शिस्त भूमितीच्या प्रमेयासारखी आहे. गाडी आधी थोडी फिरवून आणायची. तेल कोमट झाले की पातळ होते आणि गाळ घेऊन बाहेर पडते. सपाट जागा, चाकांना दगड. मग तेल भरायचा वरचा नट आधी सैल करायचा, खालचा नंतर. का? वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल सोडून दिले असेल, तर गाडी जागची हलवता यायची नाही. खालच्या नटाला लोहचुंबक असते. त्यावर राखाडी लगदा दिसला तर चिंता नाही, गिअरचे दात झिजतातच. पण बोटाला कपची टोचली, की अण्णा काम थांबवतात. नवे तेल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचे.

स्टिअरिंगच्या टाकीतला फिल्टर बदलून नवे तेल ओतले, की पुढची चाके जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत. हे तेल लाल असते, आणि डब्यावर इंग्रजीत लिहिलेले असते 'ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड'. गंमत पाहा, आमच्या ट्रकला ऑटोमॅटिक गिअर नाहीतच! जनरल मोटर्सने १९३९ साली ऑल्ड्समोबाइल मोटारीसाठी हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला; तसल्या गिअरबॉक्ससाठी हे तेल निघाले. अमेरिकेत पिकअप ट्रकवाले दारातच गिअरबॉक्सचे तळचे झाकण उतरवून ते तेल आणि आतला फिल्टर बदलतात. आपल्याकडे तेच तेल अनेक ट्रकांच्या स्टिअरिंगमध्ये जाते. नुसती अक्षरे वाचणारा हा डबा दुकानदाराला परत देईल. अण्णा रंगावरून बरोबर ओळखतात.

पण गिअर ऑइलच्या डब्यापाशी ही विद्या अडते. दोन डबे, दोन्हींवर ८०डब्ल्यू-९०, तेलाचा रंग सारखाच. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. दुसरे डिफरन्शिअलसाठी, त्यातली गंधकयुक्त द्रव्ये काही गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिले आहे, पण पुस्तिका इंग्रजीत! ती वर्षानुवर्षे देवाच्या फोटोमागे पिशवीत होती. घरात इंग्रजी वाचणारा पहिला मी. तोवर दुकानदार देईल ते तेल.

जुने तेल गटारात वा मातीत ओतू नये, हीही सूचना इंग्रजीतच. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. आमच्या वस्तीत ते वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना चोपडतात, उरलेले ओढ्याकाठी ओततात; विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. ही माणसे बेफिकीर नाहीत. त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेलेच नाही.

हे काम कंपन्यांचे, कला शाखेचे नव्हे, असे कोणी म्हणेल. कंपन्यांनी छापावे हे खरेच, पण तोवर? आपण तीन वर्षे भाषा शिकतो. ज्यांच्या कष्टावर आपली फी भरली जाते, त्यांना वाचता येईल असे एक पान आपल्याला लिहिता येऊ नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्याच गावात ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक असतात. एक दिवस त्यांच्या पुस्तिकांना द्यावा, आणि मराठी विभागाने ती पाने तपासावीत.

आमच्या डब्यांवर मी या उन्हाळ्यात चार-चार ओळींच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 'फिलर प्लग' आणि 'ड्रेन प्लग' यांना मराठीत काय म्हणावे, यावर वसतिगृहात बराच वाद झाला. 'भरणगुडदी' आणि 'निचरागुडदी' इथपर्यंत मजल गेली. मी अण्णांचे शब्द लिहिले: वरचा नट, खालचा नट.