टेकडीवरच्या सायकली आणि पायवाटांची धूप

पुणे - उन्हाळ्याच्या सुटीत पहाटेच वेताळ टेकडीच्या पायवाटांवर सायकलस्वार मित्रांचे गट दिसू लागतात. ऊन चढण्यापूर्वी माथा गाठायचा आणि मुरमाड उतारावर कौशल्य पणाला लावायचे, हा त्यांचा क्रम. एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात रस्त्यांवर सायकलीला जागा उरलेली नाही. त्यामुळे या छंदाचे स्वागतच व्हायला हवे.

मात्र, त्याची किंमत पावसाळ्यात कळते. वळणावर करकचून ब्रेक लावल्याने कोरडा मुरूम सुटा होतो. जोराचा पाऊस आला, की तो वाहून जातो आणि चाकोरीची घळ बनते. वळणे टाळून थेट उतारावर पाडलेल्या नव्या वाटांवर ही धूप अधिक होते.

बंदी हा यावरचा उपाय नव्हे. बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ मध्ये पुणेकर एकवटले, ते टेकडीशी रोजचे नाते असल्यामुळेच. रुळलेल्याच वाटा वापरणे, पादचाऱ्यांना आधी वाट देणे आणि ओल्या वाटांना विश्रांती देणे, एवढी शिस्त गटांनी स्वतःहून पाळली, तर टेकडीही टिकेल आणि छंदही.