लाईन म्हणजे नुसती रेघ नव्हे



आपल्या भित्तिपत्रकात सुविचार असतात, कोडी असतात, सामान्यज्ञान असते. आज मी माझे एक मत मांडणार आहे. ते वाचून तुम्ही खूश व्हाल, काही पालक मात्र कदाचित रागावतील. माझे मत असे, की इंग्रजी शब्दांचे अर्थ 'एका शब्दाला एक अर्थ' असे घोकणे आता पुरे झाले.

असे मत का झाले, ते सांगतो. मागे सहावीच्या वर्गावर इंग्रजीचा तास चालू होता. वाक्य होते, 'स्टँड इन अ लाईन.' एका मुलाला अर्थ विचारला. तो ताडकन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "रेघेत उभे राहा!" सगळा वर्ग खो खो हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. पोरगा खाली बसला. त्यानंतर आठ-दहा दिवस त्याने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

मग एकदा वह्या तपासताना त्याची वही हाती आली. शब्दार्थाच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'लाईन – रेघ'. फळ्यावर ते मीच लिहून दिले होते आणि पानाखाली सहीही माझीच होती. आता सांगा, चूक कोणाची? पोराने तर गुरुजींनी सांगितले तेच पाठ केले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारले, "लाईन हा शब्द तुम्ही घरीदारी कुठे कुठे ऐकता?" भराभर हात वर झाले. रेशनच्या दुकानात लाईन लागते. रेल्वेची लाईन असते. फोनची लाईन मिळत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजाची लाईन चुकते. शेवटी आमच्या त्या मुलानेही हळूच हात वर केला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या शेतातली लाईन रात्री येते. बाबा मोटर चालू करायला जातात." या वेळी कोणीच हसले नाही, कारण बहुतेकांच्या घरी तेच चालते.

बघा, तारेला लाईन म्हणता म्हणता तारेतून येणाऱ्या विजेलाच आपण लाईन म्हणू लागलो. हा अर्थ इंग्रजी शब्दकोशात शोधून सापडायचा नाही. तो आपल्या गावाने त्या शब्दाला दिला. शब्द असाच वाढतो.

या शब्दाचे मूळ तर आणखी गमतीचे आहे. लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस. होय, आई ज्याची चटणी करते तेच जवस! जवसाच्या एका जातीच्या ताटापासून धागा काढतात. त्या धाग्याला लॅटिनमध्ये 'लिनिया' म्हणत. त्यावरून 'लाईन' आला. त्याच धाग्याचे कापड ते लिनन, आणि कपड्याला आतून लावतात ते अस्तर म्हणजे लायनिंग, हेही त्याच घरचे. म्हणजे लाईन आधी धागा होती. धागा ताणला की सरळ रेघ दिसते, म्हणून रेघ. रेघेसारखी माणसे उभी राहिली, म्हणून रांग. एकापुढे एक अक्षरे मांडली, म्हणून ओळ. बापामागून मुलगा, मुलामागून नातू, म्हणून वंश. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतात त्या सुरकुत्याही लाईनच.

आता आपल्या मराठीकडे पाहा. वहीत काढतो ती रेघ. भूमितीत दोन्ही बाजूंनी न संपणारी ती रेषा, आणि तिचा मोजता येणारा तुकडा तो रेषाखंड. कवितेची ओळ. दुकानापुढची रांग. जेवायला बसते ती पंगत. नांगराचे तास, पाभरीची काकरी, उसाची सरी. कपडे वाळत घालायची वलणी. गवंड्याच्या हातातला ओळंबा. इंग्रज एका 'लाईन'वर यातली बरीच कामे भागवतो, आपण प्रत्येक कामाला वेगळा शब्द ठेवला आहे. पण म्हणून पंगतीला रांग म्हणून चालेल का? लग्नात 'पंगत बसली' म्हणतात, 'रांग बसली' असे कोणी म्हणत नाही.

इंग्रजीतही तसेच आहे. लाईनचे समानार्थी शब्द म्हणून रो, क्यू, स्ट्राइप असे पाठ करतात. पण वर्गातल्या बाकांची ती रो. आपली पाळी येण्याची वाट पाहत माणसे उभी राहतात ती क्यू. वाघाच्या अंगावर असतात त्या स्ट्राइप, म्हणजे पट्टे. वाघाच्या अंगावर क्यू नसते! हा 'क्यू' शब्द फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ आहे शेपूट. आपणही लांबलचक रांगेला मारुतीचे शेपूट म्हणतोच की! दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली, याची मला फार मौज वाटते.

तेव्हा समानार्थी शब्द म्हणजे सख्खे भाऊ. तोंडवळा सारखा, पण एकाचे काम दुसऱ्याला सांगून भागत नाही. कोणता भाऊ कुठे हवा, हे शेजारचे शब्द सांगतात. 'स्टँड' शेजारी असेल तर रांग, 'ड्रॉ' शेजारी असेल तर रेघ, 'पोएम' शेजारी असेल तर ओळ.

कोणी म्हणेल, "गुरुजी, परीक्षेत तर शब्दार्थच विचारतात." मान्य आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ हवेत, कविता पाठ हव्यात. पण शब्द एकटा पाठ करू नका, वाक्यासकट करा. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पहिली ते सातवी, सात वर्षे मुलांनी नुसत्या याद्या घोकायच्या, आणि बोलायची वेळ आली की हसतील म्हणून गप्प बसायचे, हे काही बरे नव्हे.

आणखी एक. घरात आजीला, शेतात वडिलांना, गवंडीकाकांना त्यांच्या कामातले शब्द विचारा. ज्याच्याजवळ तास, काकरी, सरी, पंगत, ओळंबा एवढे शब्द आहेत, त्याला 'लाईन' जड जायचे कारण नाही. मराठीची शिदोरी भरलेली असेल तर इंग्रजीची वाट सोपी होते, असे मला वाटते.

त्या मुलाच्या वहीत 'लाईन' शब्दापुढे आता सात वाक्ये आहेत. सातवे शेतातल्या मोटरीचे आहे. त्याने ते स्वतः केले आहे.

पुढचा शब्द आहे 'पास'. परीक्षेत पास, एसटीचा पास, खेळात चेंडू पास, आणि डोंगरातली खिंड म्हणजेही पास! या लेखाखाली कागद मुद्दाम कोरा सोडला आहे. ज्याला आणखी अर्थ सापडेल त्याने वाक्यासकट लिहावा. चुकला तरी चालेल. इथे कोणी हसणार नाही, मीसुद्धा नाही.

– तुमचे गुरुजी