घड्याळ कोणाच्या हाती?

खो-खोच्या सामन्यात टेबलापाशी बसलेल्या वेळाधिकाऱ्याकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? शाळा-शाळांच्या सामन्यांत हे काम बहुधा मोकळ्या सापडलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. मला हे चूक वाटते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव 20 किलोच्या क्रेटवर बोलला जातो. त्यात 200 ग्रॅमचा, म्हणजे शेकडा 1 चा फरक पडला तर शेतकरी वाद घालील. आणि घालावाच! खो-खोच्या 9 मिनिटांच्या पाळीत शेकडा 1 म्हणजे 5.4 सेकंद. तेवढ्यात एखादा गडी सहज बाद होतो; पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही.

गुण समान राहिले, जादा डावातही कोंडी फुटली नाही, तर लघुत्तम आक्रमणाचा नियम लागतो. पहिला गडी कमी वेळात टिपणारा संघ विजयी. येथे शिटी ऐकून बटण दाबण्यात जाणारा सुमारे पाव सेकंदही मोलाचा. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला तर चूक वजा होते. पण गडी बाद होणार हे दिसताच अंगठा आधीच दाबला, तर वेळ तेवढा कमी भरतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये घड्याळ वरचेवर थांबवावे लागते, म्हणून त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमतात. आपल्या शिक्षकांनी न खेळणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना दोन स्टॉपवॉच द्यावीत व दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या घ्याव्यात. आधी त्यांची परीक्षा पट्टीने करा. वरून सोडलेली पट्टी 20 सेंटीमीटर घसरल्यावर पकडली, तर उशीर 0.2 सेकंदाचा.